धागा: पावसाळ्यात रेंज घटली म्हणजे बॅटरी गेली असं नाही – कोकणातल्या इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी आपापले आकडे लिहा

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

गेल्या महिन्यात आमच्या आळीतल्या एका गृहस्थांनी चांगली चालती इलेक्ट्रिक गाडी मातीमोल भावात विकायला काढली. कारण काय, तर मार्चमध्ये पूर्ण चार्जवर स्क्रीन २८० किमी दाखवायची आणि जुलैत २२५ दाखवायला लागली. "बॅटरी बसली" असं त्यांनी ठरवूनच टाकलं. घेणाऱ्यानेही तेच म्हणून भाव पाडला. माझा जीव तुटला म्हणून हा धागा काढते आहे.

स्क्रीनवर दिसणारे किलोमीटर ही बॅटरीची तब्येत नाही. तुम्ही मागच्या काही प्रवासांत गाडी कशी चालवलीत, त्यावरून गाडीने बांधलेला तो अंदाज आहे. कालपर्यंत परशुराम घाट चढ-उतर केला असेल, काचेवर धुकं धरतं म्हणून एसी सतत चालू असेल, रस्ता ओला असेल, तर आज सकाळी आकडा कमीच दिसणार. बॅटरी जशी होती तशीच आहे.

कंपनीने सांगितलेला आकडाही नीट समजून घ्या. आपल्याकडची चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर होते, एसी बंद असतो, वेग ९०च्या पुढे जात नाही आणि चढ तर नसतोच. २०२०च्या ३०.२ युनिटांची बॅटरी असलेल्या (युनिट म्हणजे वीजबिलातलंच, एक किलोवॉट-तास) टाटा नेक्सॉनला ३१२ किमीचा आकडा मिळाला होता. पुढे ४०.५ युनिटांच्या नेक्सॉन मॅक्सला ४३७. कोकणात चार माणसं आणि सामान घेऊन तेवढं कुणालाच मिळत नाही. त्यात कुणी फसवलेलं नाही, चाचणीच वेगळी आहे.

मग तब्येत बघायची कशी? युनिटं मोजून. चार्जरच्या लाइनवर साधा सबमीटर बसवा. बॅटरी १० टक्क्यांवर आली की रात्री स्लो चार्जिंगला लावा आणि १०० टक्क्यांपर्यंत मध्ये न थांबवता भरू द्या. मीटरवर किती युनिटं गेली ते लिहा. त्यातली १०-१२ टक्के चार्जरच्या उष्णतेत आणि इतर खर्चात जातात, ती वजा करा. उरली ती ९० टक्क्यांची क्षमता. उदाहरणार्थ, ४०.५ची बॅटरी आहे आणि मीटरवर ३८ युनिटं पडली. १२ टक्के वजा जाता ३३.४ उरली. ०.९ने भागा, ३७.२ आली. म्हणजे साधारण ९२ टक्के. कंपनीने वर-खाली थोडा भाग राखून ठेवलेला असतो, त्यामुळे हा आकडा खऱ्यापेक्षा जरा कमीच येतो. म्हणून खरी तुलना आपल्याच गाडीच्या मागच्या वर्षीच्या आकड्याशी करायची, तीही त्याच महिन्यात आणि त्याच सॉकेटवर.

माझी गाडी पन्नास हजार किमीच्या पुढे गेली आहे. मोजणी दरवर्षी होते. पहिल्या वर्षी घट जास्त दिसली, नंतर फार हळू. लिथियम बॅटरीत असंच होतं. सुरुवातीला आत एक थर धरतो, त्यात थोडं लिथियम अडकतं आणि मग वेग मंदावतो. पहिल्या वर्षाची घट बघून "असंच चाललं तर पाच वर्षांत संपेल" असा त्रैराशिकाचा हिशेब मांडू नका.

तुमचे आकडे लिहा. गाव, गाडीची बॅटरी किती युनिटांची, आणि एका युनिटाला किती किमी पडतात एवढं पुरे.

---

सह्यमाथा (आंबोली)

उत्तम धागा. घाटाचा हिशेब मी करून देतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत.

गाडी, चार माणसं आणि सामान मिळून १,७०० किलो धरू. घाटात ६०० मीटर चढलात तर निव्वळ वजन वर नेण्याची ऊर्जा पावणेतीन युनिटांच्या आसपास येते. मोटर आणि गिअरमधली गळती धरून सव्वातीन. सपाटीवर युनिटाला ७ किमी पडत असतील, तर घाटाने २२-२३ किमीची रेंज खाल्ली. बस, एवढंच. लोक म्हणतात घाटात बॅटरी अर्धी होते, ते खरं नाही. टक्के भराभर उतरताना दिसतात म्हणून छातीत धडधडतं.

उतरताना यातलं सगळं परत येत नाही. टायरचं घर्षण आणि हवा आपला वाटा घेतातच. दीड युनिटाच्या आसपास बॅटरीत परत जमा होतं आणि घाटाचे ते किलोमीटर फुकटात पडतात. सावंतवाडीहून वर येताना १४-१५ टक्के गेले म्हणून परतीलाही तेवढेच लागतील असं समजून कुणी घाबरू नये.

माथ्यावर राहणाऱ्यांसाठी मात्र एक महत्त्वाची गोष्ट. आंबोली, आंबा, गगनबावडा इथून सकाळी १०० टक्के भरून खाली निघू नका. भरलेल्या बॅटरीत रिजनची (पाय उचलला की मोटरच गाडी रोखते आणि वीज बनवते, ती) वीज घ्यायला जागाच नसते. मग गाडी रिजन कमी करते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. रोज रिजनवर उतरायची सवय असलेला माणूस पहिल्याच वळणावर दचकतो. पावसात आणि धुक्यात हे धोक्याचं आहे. मी ८५च्या वर भरत नाही. खाली पोचेपर्यंत ते ८८-८९ झालेले असतात.

---

बावनदी (रत्नागिरी)

वाचतो आहे. पण मनापासून विचारतो. एवढं सगळं लक्षात ठेवायचं, तर डिझेल काय वाईट? माझं येणं-जाणं रत्नागिरी-कोल्हापूर आणि महिन्यातून एकदा मुंबई. मुंबईला सव्वातीनशे-साडेतीनशे किमी. मध्ये थांबायचं, चार्जर चालू असेल की नाही याची काळजी करायची...

---

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

बावनदी, प्रश्न रास्त आहे. रत्नागिरी-कोल्हापूर १३० किमीच्या आसपास, त्यात आंबा घाट. ४० युनिटांच्या गाडीला हे एका चार्जमध्ये आरामात होतं. कोल्हापुरात गाडी चार्जिंगला लावा, परत या. मुंबईचा प्रवास एका थांब्याचा आहे आणि तो थांबा जेवणाच्या वेळेला बसवला तर जाणवत नाही. मात्र फास्ट चार्जरवर ८० टक्क्यांना उठा. त्यापुढे वेग इतका पडतो की शेवटच्या २० टक्क्यांना आधीच्या ६० इतका वेळ लागू शकतो. तुमच्या मागे कुणीतरी लेकराबाळांना घेऊन उभा असतो, त्याचाही विचार करा.

चार्जर बंद असण्याची काळजी खरी आहे. ती मी नाकारणार नाही. निघण्याआधी एक नव्हे, दोन ठिकाणं ठरवून ठेवा आणि पहिल्या ठिकाणी पोचताना दुसरं गाठण्याइतकं शिल्लक ठेवा.

चौपदरीवर वेगाचं भान हवं. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० वरून १०० वर गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो. मला ८० ला युनिटामागे ७ पडतात, १०० ला पावणेसहा. कशेडीचा बोगदा झाल्यापासून जुना घाट टळतो, त्यात ऊर्जा वाचते. पुढे मोकळा रस्ता बघून पाय दाबला की वाचलेली सगळी निघून जाते.

---

मुक्काम_गुहागर (गिरगाव)

आम्ही गणपतीला जातो तेव्हा ८०चा वेग विसरा, इंदापूर-माणगावला गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत असते. तेव्हा रेंजचं काय होतं? आणि दुसरा प्रश्न. गाडी गावी ठेवायचा विचार आहे. आई-बाबा तिकडे असतात, पण गाडी मीच चालवतो. गणपती, शिमगा, मे महिना. बाकी वेळ उभी. उभी राहून बॅटरी खराब होते का?

---

सह्यमाथा (आंबोली)

पहिल्याचं उत्तर देतो. कोंडीत मोटर फारसं काही खात नाही. थांबलेली मोटर शून्य खाते. एसी मात्र तासाचा हिशेब मागतो. तासाला एक युनिट धरा. ८०च्या वेगाने १०० किमीला सव्वा तास, म्हणजे सव्वा युनिट. २५च्या सरासरीने तेच १०० किमी चार तासांचे, म्हणजे चार युनिटं. तरीही संथ वेगात हवेचा अडथळा जवळजवळ नसतो, त्यामुळे एकूण गणित बऱ्याचदा चौपदरीपेक्षा चांगलंच निघतं. कोंडीत अडकून बॅटरी संपेल ही भीती सोडा. टपावर कॅरिअर आणि ताडपत्रीखाली सामान बांधून ९० ने जाणं जास्त महाग पडतं.

---

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

उभ्या गाडीबद्दल सविस्तर लिहिते, कारण कोकणात हा प्रश्न घराघरांत आहे.

बॅटरीची झीज दोन प्रकारांनी होते. एक वापराने, दुसरी नुसत्या काळाने. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या इतक्या कमी चालतात की दुसरीच झीज मोठी असते. तिला दोन गोष्टी वाढवतात: उष्णता आणि भरलेली बॅटरी. तापमान १० अंशांनी वाढलं की ही झीज ढोबळमानाने दुप्पट होते. या बाबतीत आपण नशीबवान आहोत. मे महिन्यात रत्नागिरीचा पारा ३३-३४ च्या आसपास असतो, तेव्हा चंद्रपूर ४५ ला भाजत असतं. घामाच्या धारा आपल्याला लागतात, बॅटरीला दमटपणाचा तेवढा त्रास नाही. ती बंद पेटीत असते.

तेव्हा परत मुंबईला निघताना गाडी १०० टक्के भरून ठेवू नका. ५०च्या आसपास ठेवा. मांडवात किंवा पडवीलगत सावलीत लावा, पत्र्याच्या बंद शेडमध्ये नको. प्लग काढून ठेवा. फक्त अगदी तळाला, १०-१५ टक्क्यांवर सोडू नका, कारण महिनोन् महिने थोडं थोडं उतरत राहतं.

तुमची खरी अडचण मोठी बॅटरी नसून छोटी १२ व्होल्टची असेल. ती उतरली की दार उघडणं मुश्कील. मोठ्या बॅटरीचा स्विच ओढायला वीज नसते, मग तिच्यात ५० टक्के असूनही गाडी जागची हलत नाही. आमच्या ओळखीत एकाला ऐन चतुर्थीच्या आदल्या दिवशी हाच अनुभव आला आणि सर्व्हिस सेंटरवाल्याने फोनवर सरळ "मुख्य बॅटरी तपासावी लागेल, गाडी टो करून आणा" असं सांगितलं. गावातल्या रिक्षावाल्याने जंप केबल लावली आणि पाच मिनिटांत गाडी चालू झाली. बाबांना सांगा, पंधरवड्यातून एकदा गाडी चालू करून देवळापर्यंत फिरवून आणा. त्यांना चालवता येत नसेल तर मेकॅनिककडून १२ व्होल्टची निगेटिव्ह वायर सोडवून ठेवा. मात्र दार नंतर चावीने कसं उघडायचं ते आधी करून बघा.

---

देवगडची_पेटी (देवगड)

बरा लिवलंस गो! आमच्याकडे मे महिन्यात गाडी दिवसभर बागेत आणि संध्याकाळी पेट्या घेऊन स्टँडवर. मागची सीट पाडून पेट्या भरल्या की युनिटाला ७ चे ६ होतात. ते ठीक आहे, वजनच तेवढं असतं.

माझा त्रास वेगळाच. एप्रिल-मे आला की घरच्या सॉकेटवर चार्जर लाल दिवा दाखवतो आणि बंद. पाऊस पडला की आपोआप बरा. कंपनीचा माणूस येऊन चार्जर बदलून गेला, तरी परत तेच. घर जांभ्याच्या सड्यावर आहे.

---

तारजोड (राजापूर)

ताई, चार्जर निर्दोष आहे, तुमचं अर्थिंग सुकलं आहे. मी वायरिंगची कामं करतो, इलेक्ट्रिक गाड्या आल्यापासून सड्यावरच्या निम्म्या तक्रारी हीच निघतात.

गाडीचा चार्जर वीज घेण्याआधी अर्थिंग तपासतो. फ्रिज, पंपाला अर्थिंग नसलं तरी ते मुकाट चालतात, म्हणून आपल्याला इतकी वर्षं कळलंच नाही. जांभ्यात पाणी ठरत नाही. पावसाळ्यात खड्डा ओला असतो, अर्थिंग छान. शिमग्यानंतर सगळं कोरडं ठणठणीत, आणि रोध इतका वाढतो की चार्जर नकार देतो. तो नकार तुमच्या जिवासाठी आहे. काही जण न्यूट्रल आणि अर्थ सॉकेटमध्येच जोडून चार्जरला फसवतात. हे कुणीही करू नका, करू देऊ नका. न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पत्र्यात वीज उतरेल.

उपाय असा. गाडीसाठी वेगळं अर्थिंग. शक्य तर विहिरीच्या किंवा न्हाणीच्या सांडपाण्याच्या बाजूला, जिथे माती आहे तिथे. जांभा लागला तर बोअर मारून खोल जा. जीआय पाइप खाऱ्या हवेत लवकर खातो, तांब्याचा मुलामा असलेला रॉड घ्या. भोवती कोळसा-मीठ किंवा बेंटोनाइट (ओल धरणारी माती). वर तोंड ठेवा आणि उन्हाळ्यात आठवड्याला दोन कळश्या पाणी ओता. अर्थ टेस्टरने ५ ओहमच्या खाली आलं की काम झालं. १५ अँपिअरच्या सॉकेटला ४ चौरस मिमी तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पडणारा स्विच). एक्स्टेन्शन बोर्डावर गाडी लावू नका. आठ-दहा तास पूर्ण भार ओढणारं घरात दुसरं काहीच नसतं, पिन वितळलेली मी पाहिली आहे.

व्होल्टेजबद्दलही सांगतो. लाइनच्या टोकाच्या वाडीत रात्री ९ ला १९० व्होल्ट असतं. त्याच १५ अँपिअरला २३० वर साडेतीन किलोवॉटच्या आत-बाहेर मिळतं, १९० वर पावणेतीन-तीन. "चार्जिंग हळू झालं, बॅटरी गेली" म्हणणाऱ्यांनी आधी मल्टिमीटर लावून बघावा. मध्यरात्रीनंतर व्होल्टेज सुधारतं, टायमर तेव्हाचा लावा. आणि वळवाच्या विजा चमकायला लागल्या की प्लग काढा.

---

देवगडची_पेटी (देवगड)

दादा, उद्याच माणूस बोलावते. न्हाणीमागे माड आहे, तिथे कायम ओल असते. तिथेच घेते.

---

बावनदी (रत्नागिरी)

हे उपयोगी आहे. आता पाण्याचं सांगा. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला जे झालं ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. बॅटरी आयपी ६७ आहे, पाण्याला भिऊ नका असं शोरूमवाला म्हणाला.

---

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

त्या पुराबद्दल शांतपणे लिहिणं मला अजून जमत नाही, पण हे सांगायलाच हवं.

आयपी ६७ म्हणजे एक मीटरपर्यंत पाण्यात अर्धा तास. ती चाचणी स्वच्छ पाण्यात, नव्या सीलवर होते. रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून जाताना त्याचा दिलासा नक्कीच आहे. बाजारपेठेत गाळाचं पाणी तासन् तास छातीच्या वर होतं, त्याला हे प्रमाणपत्र लागू नाही. गाडी बुडाली असेल तर चालू करू नका, चार्जिंगला लावू नका, घरापासून लांब उघड्यावर ढकलून ठेवा, विम्याला कळवा आणि टो करूनच न्या. पाणी ओसरून गाडी वरून कोरडी दिसली तरीही.

खाडीचं, भरतीचं पाणी शिरलं असेल तर आणखी जपा. खारं पाणी वीज वाहून नेतं आणि सुकल्यावर मीठ मागे ठेवतं. २०२२ मध्ये फ्लोरिडात इयान चक्रीवादळानंतर समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या इलेक्ट्रिक गाड्या नंतर पेटल्या होत्या. हौसेने पुळणीवर गाडी नेणाऱ्यांनी हे वाचावं. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी महिन्यातून एकदा तरी खालची बाजू गोड्या पाण्याने धुवावी आणि चार्जिंगच्या तोंडाचं झाकण कधी उघडं ठेवू नये.

आणि निसर्ग वादळ आठवा. ३ जून २०२० नंतर दापोली-मंडणगडात कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. वादळाची सूचना आली की बॅटरी १०० टक्के भरून ठेवा. ५० टक्क्यांचा नियम त्या दिवशी बाजूला.

---

केळशीचा_पूल (दापोली)

मी २०२१ची ३०.२ची गाडी सेकंडहँड बघतो आहे. दापोली-खेड रोज, कधी गुहागर. मालकाने ओबीडी डोंगल (गाडीच्या संगणकातली माहिती फोनवर दाखवणारं छोटं यंत्र) लावून ॲपमध्ये ९६ टक्के तब्येत दाखवली. विश्वास ठेवावा का? शिवाय गाडी १८ टक्क्यांवरून एकदम ९ वर आली असं तो स्वतःच म्हणाला. प्रामाणिक माणूस वाटला.

---

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

ॲपमधला आकडा गाडीच्या संगणकाचा अंदाज आहे. उपयोगी, पण त्यावर पैसे मोजू नका. मालकाला सांगा, एक रात्र २० वरून १०० पर्यंत स्लो चार्ज करू या, युनिटं मोजू या.

१८ वरून ९ ची उडी मात्र घाबरण्यासारखी असेलच असं नाही. या गाडीत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी आहे. तिचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट असतं, त्यामुळे किती शिल्लक आहे हे संगणकाला कळणं अवघड जातं. तो १०० आणि तळ या दोन टोकांवर हिशेब जुळवतो. मालक रोज ४० ते ७० मध्येच खेळत असेल तर हिशेब भरकटतो. म्हणून एलएफपीवाल्यांनी आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा सावकाश १०० पर्यंत भरावं, म्हणजे सेलही एकसारखे होतात. भरल्यावर लगेच वापरायला काढावी, उन्हात भरलेली उभी ठेवू नये. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट, लिथियमचाच दुसरा प्रकार) बॅटरी असेल तर रोज ८० पुरे, १०० फक्त लांबच्या प्रवासाला. कुठली बॅटरी आहे हे माहीत नसताना "नेहमी ८० पर्यंतच" असा सरसकट सल्ला देणारे व्हिडिओ बघून लोक गोंधळतात.

तेव्हा आधी दोन-तीनदा पूर्ण स्लो चार्ज करून मग मोजा. उडी तरीही राहिली तर एखादा सेल कमकुवत असू शकतो. ते काम वॉरंटीतलं. या गाडीला बॅटरीची वॉरंटी ८ वर्षे किंवा १,६०,००० किमी आहे, पण दुसऱ्या मालकाला ती कशी लागू होते ते पुस्तिकेत वाचून घ्या.

---

सह्यमाथा (आंबोली)

गुहागरला जाताना दाभोळ-धोपावे फेरीबोट घ्या. खेड-चिपळूण फिरून जाण्याच्या निम्म्याहून कमी अंतर गाडीला पडतं. जुन्या ३०.२च्या गाडीला सागरी रस्ता आणि फेरीबोट हा फार छान मेळ आहे. वेग कमी, बोटीवर बॅटरीचा खर्च शून्य.

---

केळशीचा_पूल (दापोली)

मोजलं. मालकाने आनंदाने दोन वेळा पूर्ण भरून दिली, तिसऱ्यांदा मीटर लावला. २० ते १०० ला २४.६ युनिटं. १२ टक्के वजा जाता २१.६, भागिले ०.८ म्हणजे २७. तीसपैकी सत्तावीस, ९० टक्के. उडीही गेली, परवा १८ वरून १७, १६ असं सरळ उतरलं. खेडहून दापोलीला येताना युनिटाला साडेपाच, दापोलीहून खेडला जाताना साडेआठ.

---

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

म्हणजे जाऊन-येऊन पावणेसातच्या आसपास, उत्तम आहे. राखीव भाग धरला तर खरी तब्येत ९० च्या जराशी वरच असेल. २७ युनिटांत तळाचे १५ टक्के शिल्लक ठेवूनही दीडशे किमी निघतात, दापोली-खेड दोनदा जाऊन-येऊन. टायरमधली हवा तपासून घ्या आणि १२ व्होल्टची बॅटरी किती जुनी आहे ते मालकाला विचारा. मूळचीच असेल तर तेवढी नवी टाकून मग भाव ठरवा.